लॅपटॉप मध्येच हँग होतो, बंद पडतो: फॉरमॅट मारण्याआधी काय तपासाल?



आजचा विषय घरोघरीचा आहे. लॅपटॉप चांगला चालू असतो आणि मध्येच गोठतो. माउसचा बाण हलत नाही, कीबोर्ड ऐकत नाही. कधी निळा स्क्रीन येतो, कधी एकदम अंधार. पुन्हा चालू केला की दोन तास, कधी दोन दिवस काही होत नाही. मग परत तेच. आणि दुकानात नेला की तिथे मात्र शहाण्या मुलासारखा चालतो!

दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारून बघू." आठवड्याने पुन्हा तेच झालं की म्हणतो, "मदरबोर्ड गेला असेल." फॉरमॅटमध्ये तुमचा डेटा जातो, मदरबोर्डमध्ये तुमचे पैसे जातात. आणि बरेचदा दोष तिसरीकडेच असतो: पंख्यात साचलेली धूळ, थकलेली हार्ड डिस्क, सैल झालेली रॅम किंवा एखादा बिघडलेला ड्रायव्हर. तो दोष कसा शोधायचा, कोणत्या क्रमाने शोधायचा, हे आज बघू. मी विंडोज १० आणि ११ धरून बोलतोय, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत तेच असतं.

सगळ्यात आधी डेटा

तपासणीच्या आधी एक काम. लॅपटॉप चालू होतोय तोवर महत्त्वाच्या फाइल्स बाहेर काढा. प्रबंध, दुकानाचा हिशेब, टॅलीचा डेटा, मुलांचे फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं. एक्स्टर्नल डिस्कवर घ्या, पेनड्राइव्हवर घ्या, जमलं तर क्लाउडवरही ठेवा. हे आधी करायचं कारण असं, की हँग होण्यामागे डिस्क असेल तर प्रत्येक तपासणी त्या डिस्कवर आणखी ताण टाकते. आज उघडणारी फाइल उद्या उघडेलच असं नाही. सगळी डिस्क एकदम कॉपी करायला घेऊ नका. जे गेलं तर परत मिळणार नाही, ते पहिल्यांदा.

दुसरं काम बिटलॉकरचं. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते. मालकाला बहुधा पत्ताच नसतो. उद्या बायोस अपडेट केलं किंवा एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटा समोर असून हाती लागत नाही. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती किल्ली ठेवलेली असू शकते. आजच बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवू नका. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्यासारखं होईल ते.

"बंद पडतो" म्हणजे नेमकं काय होतं?

आता लक्षण नीट बघू. लोक चार वेगळ्या गोष्टींना "हँग होतो" असं एकच नाव देतात.

पहिली: एकच प्रोग्रॅम अडकतो. ब्राउझर पांढरा पडतो, बाकी सगळं चालू असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडला तर मशीन जिवंत आहे. तिथे डिस्क किंवा मेमरी सतत १०० टक्क्यांच्या आसपास दिसत असेल तर तो हँग नव्हे, तो संथपणा. ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क आणि ब्राउझरमध्ये वीस टॅब असतील तर दुसरं काही होणारच नाही. त्याला उपाय म्हणजे एसएसडी आणि जास्त रॅम.

दुसरी: सगळंच गोठतं. इथे एक सोपी चाचणी करा. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतलं काम बहुधा चालू आहे, चित्र तेवढं अडकलंय. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कधी कधी स्क्रीन परत येतो. आला, तर संशयाची सुई ग्राफिक्सकडे. दिवाच हलला नाही, तर यंत्रच थांबलंय असं समजा.

तिसरी: निळा स्क्रीन. विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांत तो काळा झाला आहे. हा येणं म्हणजे विंडोजला काहीतरी गंभीर सापडलं आणि त्याने स्वतःहून काम थांबवलं. खाली एक स्टॉप कोड असतो. मोबाइलने त्याचा फोटो काढा. मशीन लगेच रीस्टार्ट होऊन कोड वाचता येत नसेल, तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढून टाका.

चौथी: बटण दाबल्यासारखा थेट बंद होतो. निळा स्क्रीन नाही, संदेश नाही. इथे विंडोजला बोलायलाही वेळ मिळालेला नसतो. अशा वेळी पहिला संशय उष्णतेवर आणि विजेवर.

एक वही करा

"कधीही बंद पडतो" हे वाक्य मी नेहमी ऐकतो. पण आठवडाभर वहीत नोंद ठेवली की "कधीही"मधून काहीतरी आकार दिसू लागतो. प्रत्येक वेळी पाचच गोष्टी लिहा: वेळ, काय काम चालू होतं, चार्जर लावला होता का, लॅपटॉप कुठे ठेवला होता आणि बंद पडायच्या आधी पंख्याचा आवाज वाढला होता का.

समजा, वहीत दिसलं की टेबलावर कधीच बंद पडत नाही, मांडीवर घेतला की पडतो. याचे दोन अर्थ निघतात. खालची जाळी झाकली जाते म्हणून तापतो, किंवा उचलताना बॉडी वाकते आणि आतलं एखादं कनेक्शन सुटतं. दोन्ही वेगळं करून बघता येतात. चालू करून पहिल्या दोन मिनिटांत, थंड असतानाच उचलला आणि बंद पडला, तर उष्णतेचा प्रश्नच येत नाही. झाकण पुढेमागे करताना गोठत असेल, तर बिजागरीपाशी बघायला सांगायचं. ही एक ओळ दुकानात सांगितली तर तिथल्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो.

लॅपटॉपची स्वतःची वही

तुमच्यासारखी विंडोजही नोंद ठेवतं. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. रिलायबिलिटी हिस्टरी उघडते. दिवसवार आलेख दिसतो आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली. त्या लाल फुल्या कोणत्या तारखेपासून सुरू झाल्या ते बघा, आणि त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय बसवलं ते बघा. नवीन ड्रायव्हर? दुसरा अँटिव्हायरस? विंडोजचा अपडेट? पुष्कळदा उत्तर इथेच सापडतं.

अधिक खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर. तिथे विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. बऱ्याच जणांना 'कर्नल-पॉवर ४१' दिसतो आणि ते घाबरतात, पॉवर सप्लाय बदलायला निघतात. या नोंदीचा अर्थ इतकाच की मशीन मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं. तुम्ही स्वतः बटण दाबून धरून बंद केलंत तरी ती येते. मृत्यूच्या दाखल्यावर "हृदय बंद पडलं" लिहावं, तशी ती नोंद. कशाने, ते ती सांगत नाही. म्हणून तिच्या आधीच्या दोन-पाच मिनिटांतल्या नोंदी वाचा. 'डिस्क' या नावाने ७, ५१ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी असतील तर डिस्क तपासा. १२९ क्रमांकाची 'रीसेट टू डिव्हाइस' नोंद असेल तरीही डिस्ककडेच बोट जातं. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' दिसला तर हार्डवेअरने स्वतः तक्रार केली आहे.

स्टॉप कोडही दिशा देतात. 'मेमरी मॅनेजमेंट' आला तर आधी रॅम तपासा. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' म्हणजे ग्राफिक्स. 'कर्नल डेटा इनपेज एरर' म्हणजे डिस्कवरून वाचताना अडचण. पण एका कोडवरून निकाल देऊ नका. खराब रॅम दर वेळी वेगळाच कोड दाखवू शकते, आणि कोड दर वेळी बदलतोय हीच रॅमकडे बघायची खूण आहे.

उष्णता

आपल्या देशात हा संशयित कायम पहिल्या रांगेत. नागपूरचा मे महिना घ्या, दिल्लीची धूळ घ्या, किंवा पलंगावर गादीवर ठेवून सिनेमा बघायची सवय घ्या. लॅपटॉप खालून हवा ओढतो आणि बाजूने किंवा मागून सोडतो. गादीने खालचं तोंड बंद केलं की आतली हवा तिथेच फिरते.

एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे मोफत प्रोग्रॅम प्रोसेसरचं तापमान दाखवतात. जड काम चालू असताना ८०-९० अंश दिसले तर लगेच घाबरू नका, बऱ्याच लॅपटॉपना ते चालतं. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर जळू नये म्हणून मशीन बंद करतो. म्हणून क्रम लक्षात घ्या: पंखा जोरात, मग काम संथ, मग एकदम बंद. हा क्रम वहीत दिसत असेल तर बहुतेक निदान झालंच. काहीच उघडलं नसताना तापमान ७०-८० वर असेल, तर पंखा किंवा जाळी बघायलाच हवी.

साफसफाई करताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा आणि मगच हवा मारा. नाहीतर ब्लोअरच्या झोताने पंखा त्याच्या वेगापलीकडे फिरतो आणि बेअरिंग जातं. चार-पाच वर्षं जुना लॅपटॉप असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती बदलणं हे दुकानातलं छोटं काम आहे. फॉरमॅटच्या आधी हे करून घ्या.

वीज आणि बॅटरी

इथे चाचणी सोपी. एक दिवस फक्त चार्जरवर चालवा, एक दिवस फक्त बॅटरीवर. बॅटरीवरच बंद पडतो, तेही ३० टक्के दाखवत असताना, तर बॅटरी थकली आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून स्लॅश, आणि जोडून 'बॅटरीरिपोर्ट' टाइप केलं की अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात.

चार्जरवरच बंद पडतो, तर चार्जरवर छापलेले वॅट वाचा. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ वॅटचा डुप्लिकेट चार्जर लावला तर हलकं काम चालतं, जड काम आलं की गडबड होते. सॉकेट सैल आहे का, पिन हलवल्यावर चार्जिंगचा दिवा विझतो का, तेही बघा.

आणि एक गोष्ट चालढकल करण्यासारखी नाही. टचपॅड वर उचललं गेलंय, झाकण नीट मिटत नाही, खालचं कव्हर फुगलंय: याचा अर्थ बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि परत लावू नका. बॅटरी दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. फुटली तर आग लागते.

डिस्क आणि रॅम

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो डिस्कची स्वतःची प्रकृती वाचून दाखवतो: गुड, कॉशन किंवा बॅड. जुन्या फिरत्या डिस्कमध्ये 'रीअॅलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी बघा. आकडा शून्य हवा. तो वाढत चालला असेल तर डिस्क जायच्या वाटेवर आहे. अशा डिस्कवर 'चेक डिस्क' चालवत बसू नका, आधी डेटा काढा. "गुड" दिसलं म्हणून डिस्क सुटली असंही नाही. मध्येच अर्धा मिनिट गोठतो आणि मग आपोआप पुढे चालू होतो, हे डिस्कचं खास लक्षण. एसएसडी असेल तर कंपनीच्या साइटवर तिचं फर्मवेअर अपडेट आहे का बघा.

रॅमसाठी विंडोजचं 'मेमरी डायग्नॉस्टिक' आहे, पण ते वरवर बघतं. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. सकाळी एकही चूक दिसली तर रॅम किंवा तिचा स्लॉट खराब. इथे "थोडीशीच चूक" चालत नाही. दोन पट्ट्या असतील तर एक काढा, दोन दिवस वापरा, मग दुसरी. कधी कधी काढून घट्ट बसवली तरी काम होतं. काढायच्या आधी लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाहेर, आणि शक्य असेल तर आतल्या बॅटरीची वायरही सुटी. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते, तिथे हा उपाय नाही.

सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअर एकटंच मशीन पाडू शकतं, याचं मोठं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कोणत्याही मशीनचा मदरबोर्ड गेला नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की मशीन चालू होत होतं. आणि तिथेही बिटलॉकरची किल्ली ज्यांच्याकडे नव्हती, ते खोळंबले.

म्हणून रिलायबिलिटी हिस्टरीत तारीख जुळत असेल तर तो ड्रायव्हर मागे घ्या: डिव्हाइस मॅनेजर, तिथे त्या उपकरणाचे प्रॉपर्टीज, आणि 'रोल बॅक ड्रायव्हर'. ड्रायव्हर नवा घ्यायचा तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" देणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नका. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजच्या फाइल्सवर संशय असेल तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'एसएफसी', जागा, स्लॅश, 'स्कॅननाऊ' चालवा. काही तुटलं असेल तर ते दुरुस्त करायचा प्रयत्न करतं, आणि तुमच्या फाइल्सना हात लावत नाही.

निवाड्याची चाचणी

एवढं करूनही कळत नसेल तर उबुंटू लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवा. फुकट आहे. त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि 'ट्राय' निवडा. 'इन्स्टॉल' दाबू नका, नाहीतर डिस्क पुसली जाईल. आता विंडोज बाजूला पडलं. त्यावर दोन-तीन तास व्हिडिओ चालवा, इंटरनेट वापरा.

इथेही गोठला, तर बिघाड हार्डवेअरमध्ये, आणि कितीही वेळा फॉरमॅट मारलं तरी उपयोग नाही. इथे मुळीच गोठला नाही, तर लगेच विंडोजवर ठपका ठेवू नका, कारण पेनड्राइव्हवर चालताना आतली डिस्कही जवळजवळ वापरात नसते. म्हणजे उरले दोघे: विंडोज आणि डिस्क. डिस्कचा अहवाल स्वच्छ असेल, डेटा बाहेर असेल, तर आता फॉरमॅट मारायला हरकत नाही. तेव्हा तो विचार करून घेतलेला निर्णय असतो.

दुकानात जाताना

वही, कोडचे फोटो आणि केलेल्या चाचण्या सोबत न्या. "हँग होतो" असं सांगण्याऐवजी "चार्जर लावून, जड काम करताना, वीस मिनिटांनी, निळा स्क्रीन न येता बंद पडतो, रॅमची चाचणी रात्रभर स्वच्छ" असं सांगा. समोरचा माणूस चांगला असेल तर खूश होईल. नसेल तर सावध होईल. दोन्हीत तुमचा फायदा.

मदरबोर्ड कधी कधी खरंच जातो. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिपांच्या जोडणीतला दोष मान्य करून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. तापणं आणि थंड होणं यात अशा जोडण्या तुटतात. मग कोणी चिप गरम करून देतो, लॅपटॉप चालू होतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा जातो. अशी दुरुस्ती असेल तर किती दिवसांची गॅरंटी, हे लेखी घ्या.

जॉबशीट घ्या आणि त्यावर तक्रार, सीरियल नंबर, रॅम आणि एसएसडी किती जीबीची ते लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. "डेटाला हात लावण्याआधी विचारावे" हेही लिहा. वॉरंटी शिल्लक असेल तर स्वतः उघडण्याआधी अटी वाचा. सेवा मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टलही सुरू केलं आहे. तिथे कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती मिळते.

आणि हिशेब करा. दुरुस्तीचा आकडा तशाच वापरलेल्या लॅपटॉपच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल, तर एसएसडी काढून घ्या, डेटा वाचवा आणि ते पैसे नव्या मशीनमध्ये घाला.

तर क्रम पुन्हा एकदा: डेटा, बिटलॉकरची किल्ली, वही, रिलायबिलिटी हिस्टरी, उष्णता, वीज, डिस्क, रॅम, ड्रायव्हर, लिनक्सचा पेनड्राइव्ह. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस वाट बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि लॅपटॉप सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

आज रात्री बाकी काही जमलं नाही तरी पहिल्या दोन गोष्टी तेवढ्या करा. मशीन दुसरं मिळतं.